कॉलेजात स्टार्टअप कक्ष आहे, स्टार्टअप नाही : बडोदेकरांचे मत हवे आहे

१. हजेरीपट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी बडोद्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. गेल्या जूनपासून आमच्या स्टार्टअप कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. आली म्हणजे, आधीच्या सरांनी एका सकाळी कक्षाची चावी, एक रबरी शिक्का आणि प्रमाणपत्रांची जाड फाइल माझ्या टेबलावर ठेवली आणि सुटकेचा निःश्वास टाकत ते चहाला निघून गेले.

कक्षात सहा रंगीत बीनबॅग आहेत, पांढरा फळा आहे आणि भिंतीवर पेटलेल्या बल्बचे मोठे चित्र आहे. त्या चित्राच्या वरची ट्यूबलाइट मात्र लागत नाही. दोन वर्षांच्या अहवालात अकरा व्याख्याने, चार कल्पना-स्पर्धा आणि एक हॅकेथॉन अशी नोंद आहे. विद्यार्थ्यांनी तयार केलेली आणि कोणीतरी पैसे देऊन विकत घेतलेली वस्तू किती, असा रकानाच त्या अहवालात नाही. मी तो पेन्सिलीने आखला आणि त्यात शून्य लिहिले.

योजनांचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. गुजरात सरकारने जानेवारी २०१७ मध्ये खास विद्यार्थ्यांसाठी स्टार्टअप धोरण आणले, त्यासाठी पाच वर्षांना २०० कोटी ठेवले, आणि २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो आकडा ३०० कोटींवर नेऊन शाळांनाही त्यात सामील केले. केंद्राचे २०१९ चे धोरण तर प्रत्येक संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकातला किमान एक टक्का या कामासाठी वेगळा काढावा असे सांगते. या वर्षी माझ्या हातात साधारण चार लाख रुपये येतील. त्यातून दोन चांगले थ्रीडी प्रिंटर घ्यावेत, बाहेरचे मार्गदर्शक मानधनावर बोलवावेत, की आणखी काही करावे? माझा रोख तंत्रज्ञानावर उभ्या राहणाऱ्या, हातात धरता येईल अशा वस्तूंकडे आहे. टिफिन पोहोचवण्याची चौदा ॲप्स मी या सहामाहीत पाहिली असून पंधरावे पाहण्याची ताकद माझ्यात नाही.

२. फतेगंज_हॉस्टेल

सर, त्या चौदापैकी एक माझे होते. टिफिन अजून वेळेवर येत नाही, म्हणजे समस्या खरी होती एवढे तरी मान्य करावे.

३. मकरपुरा_लेथ

हजेरीपट सर, प्रिंटर घेण्याआधी माझा एक अनुभव वाचावा, थोडा लांब आहे.

मकरपुऱ्याच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) माझे छोटे युनिट आहे. पंप आणि मोटारी दुरुस्तीला येतात, थोडे जॉबवर्कही चालते. मागच्या उन्हाळ्यात दोन मुलगे आणि एक मुलगी हातात मोबाइल घेऊन आली आणि ‘काका, आपल्या व्यवसायातील प्रमुख समस्या कोणत्या’ असा फॉर्म भरून मागू लागली. मी म्हणालो, फॉर्म राहू द्या, तासभर इथे उभे राहा. आमचे फिटर रमणभाई त्या वेळी एका चालू मोटारीपाशी होते. त्यांनी लांब दांड्याचा पेचकस घेतला, त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली, डोळे मिटले आणि पाचेक सेकंदांनी म्हणाले, ‘गयुं.’ मोटार उघडली, ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग काढले, तर बाहेरच्या कडीवर नखाएवढा खड्डा पडलेला. मुलगी आपला फॉर्म विसरली. तिने तोच पेचकस घेऊन चांगल्या आणि बिघडलेल्या मोटारी आळीपाळीने ऐकल्या. रमणभाई तिला शिकवत होते की गुणगुण चालेल, खरखर चालणार नाही.

पंधरा दिवसांनी ती तिघे एक डबी घेऊन आली. आत कंपन मोजणारी काही शे रुपयांची चिप होती. डबी त्यांनी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीने मोटारीवर बसवली होती, आणि ती काहीच पकडत नव्हती, कारण बारीक, वेगवान कंपने तो मऊ फोम स्वतःच गिळत होता. डबीला लोखंडी बूड आणि चुंबक हवे होते. कॉलेजचे वर्कशॉप पाच वाजता बंद होते आणि तासिकेबाहेर लेथला हात लावायचा तर अर्जावर तीन सह्या लागतात असे मुलांनी सांगितले. तीन सह्यांना नऊ दिवस लागले असते. ते बूड माझ्याकडे वीस मिनिटांत निघाले.

मी त्यांच्याकडून दोन डब्या घेतल्या, दोन्ही मिळून ४,५०० रुपयांना, तेही महिनाभर वापरून पाहिल्यावर. एका डबीने खरेच आधी सूचना दिली. दुसरीने शेजारच्या प्रेसचे ठोके मोजून रात्री अकरा वाजता मला झोपेतून उठवले. पण ते पैसे हातात घेताना त्या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे. तुमच्या कक्षात नाही ते हे आहे : गिऱ्हाईक आणि उघडे वर्कशॉप. प्रिंटर नंतर बघता येईल.

४. रावपुऱ्याची_आई

मकरपुरा_लेथ दादा, वाचून बरे वाटले. पण माझा मुलगा तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडणे मला भाग आहे. आम्ही दोघांनी नोकरी करून हप्ते फेडले आणि आता याला नोकरी नको आहे. तो दिवसभर एका मित्राच्या गॅरेजमध्ये असतो. दोन विषयांत हजेरी कमी पडल्याने परीक्षेला बसू देणार नाहीत अशी नोटीस लागली, आणि गंमत अशी की त्याच आठवड्यात त्याच महाविद्यालयाने त्याचे छायाचित्र ‘आमचे युवा उद्योजक’ म्हणून फलकावर लावले. एका दरवाजावर शाबासकी आणि दुसऱ्यावर दंड, अशा घरात मुलाने काय समजावे? आणि आईने काय समजवावे?

५. सयाजीकाळ

हा प्रश्न आपल्या गावात नवा नाही, हे नम्रपणे सांगू इच्छितो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढले, तेव्हा त्याची सूत्रे रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे होती. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम असे विषय तिथे शिकवले जात, आणि धंद्याचे शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी गज्जरांनी पुस्तके आणि परिभाषा तयार करण्याचा ध्यास घेतला होता. दादासाहेब फाळके छायाचित्रणाची कला याच कलाभवनात शिकले. गज्जर केवळ पुस्तकी गृहस्थ नव्हते. मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्यावर चाफेकर बंधूंनी डांबर फासले, तेव्हा ते डाग रसायनांनी काढून दाखवणारे हेच गज्जर. (डांबर फासणाऱ्यांबद्दल आपल्याला आदर आहे आणि डाग काढणाऱ्याच्या रसायनज्ञानाबद्दलही; दोन्ही एकत्र बाळगता येतात.)

पुढे १९०७ मध्ये गज्जर आणि त्यांच्या तालमीत तयार झालेले कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिक उभी राहिली. टिंक्चर आणि अल्कोहोल हा सुरुवातीचा माल. म्हणजे गुरू, त्याचे शिष्य आणि कारखाना ही साखळी या गावाने सव्वाशे वर्षांपूर्वीच जोडून दाखवली आहे, आणि ती जुळली तेव्हा कोणाच्याही कक्षात बीनबॅग नव्हती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याच्या तंत्रज्ञान विद्याशाखेत विलीन झाले.

६. मकरपुरा_लेथ

सयाजीकाळ, इतिहास अभिमानाचा आहे, नाही कोण म्हणतो. पण गज्जरांच्या पाठीशी महाराज होते. हजेरीपट सरांच्या पाठीशी प्राचार्य आहेत. फरक ध्यानात घ्यावा.

७. सयाजीकाळ

मान्य. मात्र महाराज पाठीशी असूनही गज्जरांचे दरबारी अधिकाऱ्यांशी बिनसले आणि त्यांना कलाभवन सोडावे लागले, हेही इतिहासातच आहे. तेव्हा सरांनी फार निराश होऊ नये, किंवा अधिक व्हावे, जसे रुचेल तसे.

८. दोनदा_बुडालेला

मी या धाग्यावर लिहावे की नाही याचा दोन दिवस विचार केला. माझे दोन उद्योग बुडाले आहेत आणि पहिल्याच्या बुडण्यात माझ्या महाविद्यालयाच्या कौतुकाचा मोठा वाटा आहे. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे.

शेवटच्या वर्षाला आम्ही ठिबक सिंचनासाठी एक झडप बनवली होती. गाळ अडकला की ती स्वतःच उलटा झोत सोडून मोकळी व्हायची. वार्षिक प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले. विभागाने मला झडप उघडून, आतली पाकळी हातात धरून, ती कशी वळते हे कॅमेऱ्यासमोर सांगायला लावले आणि तो सहा मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. आठ महिन्यांनी आम्ही पेटंटसाठी गेलो. वकिलांनी झडपेचे नाव शोधपेटीत टाकले, पहिलाच निकाल म्हणून माझाच चेहरा समोर आला, आणि ते म्हणाले, ‘तुमच्या शोधाचे नावीन्य तुम्हीच संपवले आहे.’ आपल्या कायद्यात अर्जाआधी केलेली जाहीर वाच्यता अर्जाच्या मुळावर येते. सवलत आहे, पण ती अगदी अरुंद, सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या प्रसंगांपुरती. कॉलेजच्या मांडवातले प्रदर्शन त्यात बसत नाही.

मला सर्वांत जास्त लागले ते हे, की उपाय किरकोळ होता. व्यक्तीच्या नावाने अर्ज करण्याचे सरकारी शुल्क ऑनलाइन १,६०० रुपये आहे, आणि शोध अपुरा असला तरी तात्पुरते वर्णन देऊन तारीख पकडता येते, पुरे वर्णन द्यायला नंतर १२ महिने मिळतात. शिक्षणसंस्थांसाठी तर सप्टेंबर २०२१ पासून शुल्क ८० टक्क्यांनी उतरवले आहे. प्रदर्शनाच्या मांडवावर यापेक्षा जास्त खर्च झाला होता. हजेरीपट सर, आपल्या कक्षाच्या दारावर एकच पाटी लावा : आधी अर्ज, मग व्हिडिओ.

दुसरा उद्योग का बुडाला ते थोडक्यात : आम्ही चार मित्र होतो आणि हिस्से तोंडी ठरले होते.

९. फतेगंज_हॉस्टेल

दोनदा_बुडालेला दादा, वाचून तोंड वाळले. आमच्या मोटारीवरच्या डबीचा व्हिडिओ परवाच संस्थेच्या इन्स्टाग्रामवर जाणार होता. (होय, मकरपुरा_लेथ काकांच्या गोष्टीतला एक मुलगा मीच. टिफिनचे ॲप हे माझे तारुण्यातले पाप.) आता फोन करून थांबवतो.

दुसरे विचारायचे होते. सर्वांनी सांगितले की आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, नाहीतर कोणी दारात उभे करणार नाही. हे खरे आहे का?

१०. कागदपत्र_काका

सनदी लेखापाल म्हणून तीस वर्षे याच दांडिया बाजारात बसतो, म्हणून अधिकाराने सांगतो : घाई करू नका.

दोन-चार डब्या विकायला कंपनी लागत नाही. एकाने आपल्या नावाने मालकीचा धंदा म्हणून सुरुवात करावी आणि लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करून घ्यावी, ती निःशुल्क आहे. माल राज्याबाहेर जात नसेल तर गुजरातमध्ये वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत मालासाठी जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, सेवेसाठी ती मर्यादा २० लाख आहे. साधे बिलबुक छापून घ्या आणि प्रत्येक बिलाची प्रत ठेवा. याउलट प्रायव्हेट लिमिटेड काढलीत की विक्री शून्य असली तरी लेखापरीक्षण सक्तीचे होते, आणि वार्षिक विवरणपत्रे उशिरा भरली तर प्रत्येक फॉर्ममागे रोज १०० रुपये दंड चढत राहतो. परीक्षा, मग सुट्टी, मग प्लेसमेंट, यात पोरे विसरतात आणि वर्षाने माझ्याकडे वडिलांना घेऊन येतात. वडिलांचा चेहरा पाहून माझी फी सांगायचे धाडस होत नाही.

आता उलट बाजू. केंद्राची स्टार्टअप म्हणून मान्यता हवी असेल तर मालकीचा धंदा चालत नाही. कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी लागते. २०२१ मध्ये चार वर्षांसाठी ९४५ कोटींची जी बीजनिधी योजना आली, तिच्यात इनक्युबेशन केंद्रामार्फत, म्हणजे नवउद्योगांना आधार देणाऱ्या केंद्रामार्फत, नमुना तयार करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान होते, पण अर्जाच्या वेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट होती. अशी अट असेल आणि दुसऱ्या वर्षाला असताना हौसेने कंपनी काढली तर चौथ्या वर्षाला वस्तू तयार होते तेव्हा मुदत संपलेली असते. म्हणून घड्याळ सुरू करण्याची वेळ आपण निवडावी. आणि दोनदा_बुडालेला यांच्या शेवटच्या वाक्यासाठी : हिस्से पहिल्याच दिवशी कागदावर लिहा, मैत्री चांगली असतानाच.

११. चाचणी_विभाग

विद्युत उपकरणांच्या चाचणीत मी बरीच वर्षे काम केले आहे. एक मुद्दा राहतो आहे. बाहेरचा खरेदीदार मकरपुरा_लेथ यांच्यासारखा प्रेमळ नसतो. तो पहिल्याच भेटीत विचारतो, चाचणीचा अहवाल कुठे आहे? आपल्याकडे मकरपुऱ्यातच विद्युत उपकरणांची चाचणी करणारी इर्डासारखी संस्था १९७४ पासून आहे, बडोदे ट्रान्सफॉर्मर आणि विद्युत सामानाचे गाव आहे, तरीही विद्यार्थ्यांचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत क्वचितच पोहोचतो, कारण चाचणीचे शुल्क कोणत्या खात्यातून द्यायचे हे ठरलेले नसते. खुर्च्यांना मंजुरी मिळते, चाचणीला मिळत नाही. चार लाखांतले निदान लाखभर रुपये सरांनी यासाठी राखावेत. अहवाल नापास आला तरी चालेल. ‘आमच्या डबीने शेजारचा प्रेस मोजला’ हे गिऱ्हाइकाच्या झोपेच्या किमतीवर कळण्यापेक्षा तिथे कळलेले स्वस्त पडते.

१२. मकरपुरा_लेथ

झोप माझी होती. सहमत आहे.

१३. फतेगंज_हॉस्टेल

संस्थेने ‘आम्ही जागा दिली, आता हिस्सा द्या’ असे म्हटले तर? आमच्या वर्गात अशी भीती आहे, म्हणून बरेच जण कक्षाकडे फिरकतच नाहीत आणि खोलीवरच उद्योग करतात.

१४. कागदपत्र_काका

२०१९ चे राष्ट्रीय धोरण वाचा, त्यात हे आहे. जागा, सोयी आणि पाठबळाच्या बदल्यात संस्था २ ते ९.५ टक्के भाग घेऊ शकते. घेतलाच पाहिजे असे नाही. आणि जो शोध संस्थेच्या सोयी न वापरता, अभ्यासक्रमाबाहेर, स्वतःच्या वेळेत लावला, त्यावर मालकी शोध लावणाऱ्याची. संस्थेची साधने आणि पैसा लक्षणीय प्रमाणात वापरला तर मालकी दोघांची. तुमच्या डबीचे बूड मकरपुऱ्यात कातले गेले, तेव्हा हिस्सा मागायचाच तर रमणभाई मागतील.

१५. रावपुऱ्याची_आई

सगळे पैशाबद्दल बोलत आहेत. माझ्या हजेरीच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. कारण तो विनामूल्य आहे, बहुधा म्हणूनच.

१६. हजेरीपट (धागाकर्ता)

ताई, उशीर झाला, क्षमस्व. माझे टोपणनावच हजेरीपट असल्यामुळे उत्तर मीच देणे योग्य. परवा मी ते २०१९ चे धोरण छापून विभागप्रमुखांच्या पुढे ठेवले. हजेरी किमान मर्यादेपेक्षा कमी असली तरी उद्योगात असलेल्या विद्यार्थ्याला संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसू द्यावे, आणि गरज पडल्यास सहामाहीची किंवा वर्षाची सुट्टी घेऊन परत येण्याची मुभा असावी, असे त्यात लिहिले आहे. साहेबांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, ‘आणि तो गॅरेजमध्ये झोपा काढत नाही कशावरून?’ प्रश्न रास्त आहे. ठरले असे, की परवानगी हवी असलेल्या विद्यार्थ्याने दर पंधरा दिवसांनी केलेल्या कामाची वही आणि वस्तू घेऊन माझ्यासमोर बसायचे. वहीत कोणत्या गिऱ्हाइकाकडे गेलो, काय मोडले, काय बदलले हे लिहायचे. आपल्या चिरंजीवांना सोमवारी पाठवा. फलकावरचा फोटो उतरवायला सांगितलेले नाही, पण नोटीस मागे घेतली जाईल.

मूळ प्रश्नाचे सांगायचे तर, प्रिंटर या वर्षी एकच घेत आहे. एक लाख चाचणीसाठी आणि पंचवीस हजार पेटंट अर्जांसाठी वेगळे काढले. व्याख्यानांचे मानधन पूर्ण कापले, त्यावरून दोन मित्र दुरावले. उरलेला मोठा भाग वर्कशॉप सायंकाळी नऊपर्यंत उघडे ठेवण्याकडे जाईल. त्यात अडचण पैशांची निघालीच नाही, अडचण निघाली चावीची. वर्कशॉपमधल्या आमच्या सहायकांचे म्हणणे असे, की रात्री एखाद्याचे बोट लेथमध्ये गेले तर जबाबदार कोण, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. सुरक्षिततेची छोटी परीक्षा पास झालेल्यांनाच प्रवेश, एकट्याने यंत्र चालवायचे नाही, आणि सहायकांना जादा कामाचा मोबदला, एवढ्यावर ते तयार झाले आहेत. फक्त ती परीक्षा घेणारा, मुलांना धाक वाटेल असा अनुभवी माणूस हवा आहे. मकरपुरा_लेथ, रमणभाई शनिवारी मोकळे असतात का? मानधनाच्या त्या कापलेल्या पैशातून त्यांना देता येईल.

१७. मकरपुरा_लेथ

विचारले. व्याख्यान द्यायचे नसेल तर येतो म्हणाले. शनिवारी चार वाजता आम्ही दोघे येतो. येताना बाद बेअरिंगची गोणी आणतो, पेचकस तुमच्याकडचे चालतील, मात्र लांब दांड्याचे हवेत. आणि ती ट्यूबलाइट तेवढी बदलून ठेवा.